वर्गातल्या मुलाला आधी कोण म्हणून ओळखायचे?

फळाखडू, मुलुंड

नमस्कार. मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत गेली १९ वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. गेल्या महिन्यात आठवीच्या वर्गात घडलेल्या एका प्रसंगाने मला अस्वस्थ केले आहे आणि शिक्षककक्षात त्यावर दोन तट पडले आहेत, म्हणून हा प्रश्न या चर्चामंचावर मांडते आहे.

समतेचा हक्क शिकवताना मी अमेरिकेतला १९५४ सालचा ब्राउन खटला सांगत होते. काळ्या आणि गोऱ्या मुलांसाठी वेगवेगळ्या सरकारी शाळा ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्यात दिला. त्यामागच्या एका प्रयोगाची गोष्टही मी सांगितली. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने लहान काळ्या मुलांपुढे गोऱ्या आणि तपकिरी बाहुल्या ठेवल्या आणि चांगली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती, असे विचारले. बहुतेक मुलांनी चांगली म्हणून गोरी बाहुली दाखवली, आणि शेवटच्या प्रश्नाला काहींना रडू कोसळले. वर्ग अगदी शांत झाला होता. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, परवा शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी आमच्यातल्या काही जणांना नावे घेऊन वर्गात उभे केले होते. मग तेही वेगळे काढणेच झाले ना?" त्या दिवशी मी वर्गावर नव्हते, पण प्रकार खरा होता आणि तिला देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

त्याच वर्गात एक नेपाळी मुलगा आहे. त्याचे वडील जवळच्या एका सोसायटीत वॉचमन आहेत. पहिलीपासून तो आमच्याच शाळेत आहे, मराठी आमच्या मुलांइतकीच स्वच्छ बोलतो, गणितात पहिल्या पाचांत असतो. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही, पण त्याला नाव आहे, आणि ते सोडून अख्खी शाळा त्याला 'बहादूर' म्हणते. त्या मुलीचा प्रश्न ऐकल्यावर माझ्या लक्षात आले की मैदानावर मीही त्याला दोनदा त्याच नावाने हाक मारलेली आहे. आपल्या घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान अशी ओळीने यादी आहे. त्यातला 'वंश' हा शब्द मी वर्षानुवर्षे दूरदेशची गोष्ट म्हणून वाचून पुढे जात आले. तो माझ्याच वर्गात चौथ्या बाकावर बसलेला आहे, हे मला दिसले नव्हते.

माझे काही सहकारी म्हणतात की शाळेने जात, धर्म, वंश यांचा उच्चारच टाळावा, मूल हे मूल म्हणून पाहावे, म्हणजे पुढची पिढी आपोआप या गोष्टी विसरेल. इतरांचे म्हणणे असे की न बोलल्याने काही विसरले जात नाही, फक्त ज्याला सोसावे लागते त्याने ते एकट्याने सोसायचे असे ठरते. आपले अनुभव काय आहेत? पालक, शिक्षक, कोणीही लिहावे.

समानरेषा, ठाणे

बाई, आपला प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही आडपडदा न ठेवता देतो. मी पहिल्या मताचा आहे आणि ते मत मला सोयीचे आहे म्हणून मी त्याच्या बाजूला नाही. माझ्या वडिलांनी १९७४ साली आडनाव लावणे सोडले. आम्ही भावंडे वडिलांचे नाव हेच आडनाव म्हणून लावतो, आणि आमची जात कोणती हे मला दहावीपर्यंत ठाऊक नव्हते. त्या अज्ञानाचा मला आजही अभिमान वाटतो.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे ठेवताना डॉ. आंबेडकरांनी, या मसुद्याने खेड्याला बाजूला सारून व्यक्तीला एकक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले होते. खेडे म्हणजे जातींची उतरंड आणि व्यक्ती म्हणजे तिच्यातून सुटलेला माणूस, असे मी ते वाचतो. अमेरिकेत १८९६ साली काळ्यांसाठी रेल्वेचा वेगळा डबा न्यायालयाने वैध ठरवला, तेव्हा एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी भिन्नमत नोंदवून, आमची राज्यघटना रंग ओळखत नाही, असे लिहिले. पुढच्या अर्धशतकात वेगळेपणाविरुद्ध लढणाऱ्यांना ते वाक्य फार उपयोगी पडले.

आणखी एक गोष्ट या चर्चेत नेहमी राहून जाते. समूहाची अस्मिता बाहेरच्यांपासून संरक्षण देते हे खरे, पण ती आतल्या दुर्बळांच्या मानेवरही बसते, आणि आत सर्वांत दुर्बळ असते ती मुलगी. माझ्या भाचीने परजातीतल्या मुलाशी लग्न ठरवले तेव्हा 'समाज काय म्हणेल' हा प्रश्न विचारायला जे लोक घरी आले, ते तिच्यावर अन्याय झाला असता तर कधीच आले नसते. ज्या मुलाला तू अमुक समाजाचा आहेस असे आपण आठव्या वर्षापासून सांगतो, त्याला अठराव्या वर्षी त्या समाजाविरुद्ध निर्णय घेण्याचे बळ कोठून यावे? एकाच शीर्षकाखाली उभी केलेली दोन मुलेही सारखी नसतात. एकाचा बाप सचिवालयात अधिकारी असतो आणि दुसऱ्याचा गटारात उतरतो. त्यांना एका गटात मोजणारी शाळा त्या दोघांपैकी एकालाही ओळखत नाही.

वरळीचा

मी बीडीडी चाळीत वाढलो. वडील गिरणीत होते. आज माझे वय ५४ आहे आणि मी एका विमा कंपनीत काम करतो.

समानरेषा, आपल्या वडिलांबद्दल मला आदर वाटतो. पण आपली जात कोणती हे दहावीपर्यंत ठाऊक नसणे ही गोष्ट ज्याला परवडते त्यालाच लाभते. मला ती पाचवीतच सांगण्यात आली. मोफत वह्यांसाठी आम्हा अकरा जणांना वर्गात उभे केले होते आणि बाईंनी पट्टीच्या टोकाने एकेकाच्या खांद्याला स्पर्श करून मोजणी केली. बाई वाईट नव्हत्या, त्यांना मोजणी जुळवायची होती. तो पट्टीचा स्पर्श अजून माझ्या डाव्या खांद्यावर आहे. त्यामुळे फळाखडू यांच्या वर्गातली ती मुलगी काय विचारते आहे हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

आता उच्चार टाळण्याबद्दल. आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत, हे बहुतेकांना ठाऊक असते. मुंबईला आल्यावर ते एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गेले. ती सरकारी शाळा होती आणि तेथे गोणपाट नव्हते. एकदा शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावले आणि वर्गात एकच गलबला झाला, कारण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. भीमराव फळ्याला हात लावण्याआधी मुलांनी धावत जाऊन आपापले डबे तेथून हलवले. सरकारच्या लेखी तो विद्यार्थी इतरांसारखाच एक व्यक्ती होता. डब्यांच्या लेखी नव्हता. शाळा बोलली नाही म्हणून डबे बोलायचे थांबले नाहीत, आणि मुंबईत आजही थांबलेले नाहीत. भाड्याने घर पाहायला गेलो की दलाल आधी आडनाव विचारतो, मग स्वयंपाकघरात काय शिजते ते विचारतो, आणि मग जागा कालच गेली असे सांगतो.

पण मला खरे लिहायचे आहे ते दुसरेच. आपण सगळे समूहाला ओझे धरून बोलतो आहोत. आमच्या चाळीच्या समाजमंदिरात रात्री अभ्यासिका चालायची. एक पिवळा दिवा, त्याखाली दोन सतरंज्या, आठ-नऊ मुले. त्यांच्यात रूपारेल कॉलेजला जाणारा एक मोठा मुलगा होता. तो आमचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायचा, कोणता दाखला कोठे मिळतो ते सांगायचा आणि माझ्याकडून इंग्रजी क्रियापदे घोकून घ्यायचा. १४ एप्रिलला त्याच सतरंज्या बाहेर यायच्या आणि त्यांवर बसून आम्ही भाषणे करायचो. मी आयुष्यात पहिल्यांदा 'माझे मत' असे शब्द उच्चारले ते तेथे. वर्गात मी अकरांपैकी एक होतो आणि समाजमंदिरात, जेथे सगळे एकाच जातीचे होते, तेथे मी एकटा, माझ्या नावाचा आणि माझ्या मताचा होतो. मला व्यक्ती केले ते माझ्या समूहाने.

म्हणून दुसऱ्याने आपल्यावर मारलेला शिक्का आणि आपण मिळून घेतलेले नाव यांत मी फरक करतो. १९७२ साली याच मुंबईत तरुणांनी दलित पँथर स्थापन केली तेव्हा अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर या संघटनेकडे पाहून त्यांनी ते नाव स्वतः निवडले. त्याच्या ९९ वर्षे आधी, १८७३ साली, महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' ही आपली पुस्तिका अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. १९४६ साली आंबेडकरांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, काळ्या लोकांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. या माणसांना व्यक्तीचे मोल कळत नव्हते असे कोण म्हणेल? एकट्याने मागितले तर मिळत नाही, हे मात्र त्यांना पुरते कळले होते.

समानरेषा, भाचीबद्दल आपण लिहिले ते मला पटते. आमच्याकडेही तसे होते. समूहाला आतून प्रश्न विचारता आले पाहिजेत. पण त्या कारणासाठी समूहच नको म्हणणे म्हणजे छप्पर गळते म्हणून भिंती पाडणे आहे.

हडसनकाठ

मी मूळची गिरगावची, गेली २२ वर्षे न्यू जर्सीत राहते. अमेरिकेची उदाहरणे आलीच आहेत, म्हणून तेथे हा प्रश्न प्रत्यक्षात कसा दिसतो ते लिहिते.

माझ्या मुलीच्या शाळेत आठवड्यातून एकदा जेवणाच्या सुटीत वंशानुसार गट बसतात. काळ्या मुलांचा एक, लॅटिन अमेरिकन मुलांचा एक, आशियाई मुलांचा एक. जाणे ऐच्छिक असते. माझी मुलगी दोनदा गेली आणि नंतर म्हणाली, "आई, त्या खोलीत चिनी, कोरियन, पाकिस्तानी, तमिळ अशी आम्ही सगळी आहोत आणि आमच्यात समान एवढेच आहे की अर्जावर आमच्यासाठी एकच चौकोन आहे." तिने जाणे सोडले. तिची काळी मैत्रीण मात्र एकही आठवडा चुकवत नाही. तिच्या वर्गात ती एकटी काळी मुलगी आहे आणि आठवड्यातली ती चाळीस मिनिटे तिला कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. दोघीही खरे बोलतात. माझ्या मुलीला नकार देता आला, कारण त्या नकाराची तिला किंमत मोजावी लागली नाही, हे समजायला मला बराच काळ लागला.

तो चौकोनही देवाने आखलेला नाही. १९२३ साली भगतसिंग थिंड या अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीयाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की भारतीय माणूस नागरिकत्वाच्या कायद्याच्या अर्थाने गोरा नव्हे. १९३० आणि १९४० च्या जनगणनेत आपल्या लोकांचा वंश 'हिंदू' असा लिहिला जाई, मग तो माणूस शीख असो वा मुसलमान. १९७० मध्ये आपण गोऱ्यांत मोजले गेलो आणि १९८० पासून आशियाई भारतीय झालो. माणसे तीच, त्यांची कातडी तीच, रकाना मात्र दर काही वर्षांनी कोणीतरी कचेरीत बसून बदलला.

जून २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांच्या प्रवेशप्रक्रियेत वंशाचा विचार करणे घटनाबाह्य ठरवले. त्या निकालाची आमच्या मराठी मंडळात फार चर्चा झाली आणि अनेकांना आनंद झाला. पण त्या निकालपत्रातच म्हटले आहे की वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडले हे विद्यार्थ्याने निबंधात लिहिले, तर विद्यापीठ ते विचारात घेऊ शकते, मात्र त्या एका विद्यार्थ्याचा अनुभव म्हणून. हे ऐकायला न्याय्य वाटते. पण सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या जखमेचा निबंध नीट लिहिला तर ती मोजली जाणार, आणि ज्याला लिहिता येत नाही किंवा लिहायचे नाही त्याची जखम कोणाला दिसणार नाही, हेही त्यात आले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत सिअॅटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली. अमेरिकेतले असे ते पहिलेच शहर. तेव्हा आमच्याच मंडळात, 'येथे कसली आली जात, आपण सगळे येथे व्यक्ती म्हणून आलो आहोत' असे म्हणणारे बहुतेक जण, ज्यांना आडनाव सांगताना कधी अडखळावे लागले नव्हते असे होते. त्यांत मीही होते.

दाखला, कल्याण

मी एका शाळेत वरिष्ठ लिपिक आहे. तत्त्वाचे तुम्ही बोललातच, मी कामाचे लिहितो.

जनरल रजिस्टरमध्ये आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीची नोंद असते, आणि ती काढून टाका असे सांगणारे पालक दरवर्षी येतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण महाराष्ट्रात जातीचा दाखला आणि पुढे वैधता प्रमाणपत्र काढताना जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, भटक्या विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे वास्तव्य पाहिले जाते. तेव्हा आजोबांच्या शाळेचा दाखला हाच बहुतेकांचा आधार असतो. रकाना कोरा राहिला तर नातवंडांना कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. आपले मूल व्यक्ती म्हणून वाढावे असे वाटणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

मात्र नोंद ठेवायला कोणाला उभे करावे लागत नाही. माहिती आमच्याकडे रजिस्टरमध्ये आधीच असते. मी याद्या तेथूनच काढतो आणि पालकसभेच्या दिवशी अर्ज बंद पाकिटात घालून पालकांच्या हातात देतो. एक संध्याकाळ जास्त लागते. वर्गात उभे करणे हा काम उरकण्याचा मार्ग आहे, तसा कोणताही नियम नाही.

फळाखडू, मुलुंड

सर्वांचे मनापासून आभार. दाखला, आपला प्रतिसाद छापून मी मुख्याध्यापकांना दिला. या वर्षीचे उरलेले अर्ज पाकिटातून जातील असे ठरले आहे. शिक्षककक्षातला वाद मिटलेला नाही, आणि समानरेषा यांनी भाचीबद्दल जे लिहिले ते वाचल्यावर माझ्या मनातलाही मिटलेला नाही.

त्या नेपाळी मुलाबद्दल लिहायचे राहिले. माझा विचार असा होता की त्याला वर्गापुढे बोलावून नेपाळबद्दल, त्याच्या घरच्या भाषेबद्दल सांगायला लावावे, म्हणजे मुलांच्या मनातला 'बहादूर' जाईल आणि त्याला आपल्या मुळांचा अभिमान वाटेल. हडसनकाठ यांचे वाचल्यावर मी आधी त्यालाच विचारले. तो थोडा वेळ पायांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "बाई, नको. भूगोलात हिमालय आला तरी सगळे माझ्याकडे वळून बघतात." मग काय करू, असे मी विचारले. तो म्हणाला, "सर मला नुसता सीमारेषेवर उभा करतात. मला गोलंदाजी द्यायला सांगा. आणि माझे नाव घ्या." घरी मात्र आई-बाबांशी तो नेपाळीतच बोलतो, दशैं या नेपाळी सणाला टिका लावून घेतो आणि त्याला ते आवडते, हेही त्याने न विचारता सांगितले. ते त्याचे आहे आणि वर्गापुढे ठेवायचे की नाही हे तो ठरवेल. मी आता त्याला त्याच्या नावाने हाक मारते आणि मुलांनी दुसरे नाव घेतले की तास थांबवते. मैदानावर अजून 'बहादूर' ऐकू येते. क्रीडाशिक्षकांशी बोलले आहे.

तिसऱ्या बाकावरच्या मुलीचे उत्तर बाकी आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६५ साली सांगितलेली एक आठवण मला सापडली. १९५९ च्या भारतभेटीत ते त्रिवेंद्रमला एका शाळेत गेले असता मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख, अमेरिकेतून आलेला आपल्यासारखाच एक अस्पृश्य, अशी करून दिली. ती मुले अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातली होती. किंग यांना आधी धक्का बसला, थोडा रागही आला, आणि मग आपल्या देशातले दोन कोटी काळे लोक डोळ्यांपुढे येऊन त्यांनी मनाशी म्हटले की होय, मी अस्पृश्य आहे. तो राग आणि ते 'होय' ही दोन्ही मला मुलांपुढे ठेवायची आहेत. गुरुवारी तिसरा तास माझा आहे. सुरुवात एल्फिन्स्टनच्या फळ्यामागच्या डब्यांपासून करीन, आणि त्या मुलीला तिचा प्रश्न पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असा, विचारायचा आहे का, हे बुधवारी तिला एकटीला गाठून विचारेन.